अ‍ॅम्प्लिफायर तापेपर्यंत

वन्सं, एक तास आणि दहा मिनिटं लागली. घड्याळ समोर ठेवून बसले होते. तुम्ही सांगितलं तेव्हाच हा तास दिला असता, तर आज तुमच्यावर एवढा राग आला नसता. राग तुमच्यावरच आहे, हे आधी सांगून टाकते. तेराव्याला आलेल्या बायका आपसांत म्हणाल्या, सुनंदाच्या डोळ्यांत टिपूस नाही, नणंद-भावजयीचं शेवटी असंच. म्हणू देत. रडण्याआधी राग ओसरावा लागतो आणि माझा अजून ओसरलेला नाही.

तुम्हाला ठाऊक असलेलंच आता पुन्हा लिहिणार आहे. क्रमानं लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही. त्यावरून तुम्ही मला सत्तावीस वर्षं हसलात, आता अजून थोडं हसा.

मिरजेतल्या आपल्या घराची पुढची खोली म्हणजे आपलं दुकान. साऊंडवाले जळालेले स्पीकर आणून टाकायचे. जळालेली कॉइल काढायची, साच्यावर नवी तांब्याची तार गुंडाळायची, ती मॅग्नेटच्या फटीत बसवायची, वर नवा कोन, म्हणजे कागदाचा पडदा, चिकटवायचा. मामंजींनी मुलाला बँकेत पाठवलं आणि हे काम मुलीला शिकवलं, कारण तुमची बोटं बारीक होती. गुंडाळणं तुमचं. बाकी सगळं माझं, रजिस्टरसुद्धा: स्पीकर कुणाचा, किती इंची, आला कधी, द्यायचा कधी, आणि शेवटच्या रकान्यात कॉइल कुणाची. तुम्ही गुंडाळली तर ‘व’. लगीनसराईच्या गर्दीत बाजारातून तयार आणून बसवली तर ‘त’. पानंच्या पानं ‘व’नं भरलेली आहेत. सातारा, सांगली, पार जतपर्यंतचे लोक ‘आक्कांच्या हातची पायजे’ म्हणून पंधरा-पंधरा दिवस थांबायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला एवढंच माहीत होतं की बटण दाबलं की आवाज येतो. पहिल्याच महिन्यात तुम्ही बाहेर गेलेल्या पाहून मी टॉर्चमधला सेल काढला आणि एका स्पीकरच्या दोन टोकांना लावला. टक्. धरून ठेवला. काही नाही. काढला. टक्. तुम्ही आल्यावर मी शहाणपणानं सांगितलं, “वन्सं, हा दुरुस्त झालेला नाही. लावताना एकदा वाजतो आणि काढताना एकदा. मधे मुका.”

तुम्ही एवढ्या हसलात की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. मग माझ्या हातात पिठाची चाळण दिलीत.

“एका अंगाला ढकल आन् तशीच धरून ठेव. पडतंय का पीठ?”

“नाही.”

“हात दुखतोय?”

“दुखायला लागलाय.”

“झालं तर. सेलचा करंट एकाच दिशेनं ढकलतोय. कोन पुढं गेला आन् तितंच बसला. आवाज न्हाई, नुसती कॉइल तापती. ह्ये डीसी. आता हलीव. मागं-पुढं, मागं-पुढं. पडाय लागलं का? ह्ये एसी. कोन हलला तर हवा हलती, हवा हलली तर तुझ्या कानाला कळतंय. एका जागी दाबून धरल्यालं कानाला कळत न्हाई गं बाई.”

मी पण सोडणारी नव्हते. “मग रेडिओ सेलवर कसा चालतो? सेल तर डीसी.”

“सेल रेडिओला जेवाय घालतोय, स्पीकरला न्हाई. मधी अ‍ॅम्प्लिफायर बसलाय. त्यो सेलकडनं ताकद घेतो आन् गाण्याच्या चढउताराबरोबर मागं-पुढं करून स्पीकरला देतो. जेवनारा येगळा, नाचनारा येगळा.”

“एसीच पाहिजे तर मग सरळ भिंतीतल्या प्लगला लावा. तिथं फुकटचा अ‍ॅम्प्लिफायरपण नको.”

“लावला हुता एका मांडववाल्यानं. भूंऽऽ झालं आन् धूर. भिंतीतला करंट बी मागं-पुढंच करतोय, पन सेकंदाला पन्नास येळा, एकाच ठेक्यावर आन् लय जोरात. त्ये काय गानं हाय व्हय?”

माझं भौतिकशास्त्र एवढंच आणि ते चाळणीतून आलेलं. बारावीला विज्ञान घेऊन जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते तुम्ही पिठानं माखलेल्या ओट्यावर शिरवलंत. याचे आभार मी कधी मानले नाहीत. आत्ता मानते, पण रागातच मानते.

अ‍ॅम्प्लिफायरमधली राखणही तुम्हीच दाखवली होती. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात डीसी भरपूर असतो, त्यावरच तो जगतो. आतला एखादा भाग बिघडला तर तो डीसी स्पीकरकडे निघतो. म्हणून दारात रिले बसवलेला असतो. डीसी आला की रिले खट् करून तार तोडतो. गाणं थांबतं, स्पीकर वाचतो. पण वरातीत गाणं थांबलेलं आपल्याकडे कुणाला चालतं? नवरदेवाचा मामा अंगावर येतो. मग साऊंडवाले रिलेच्या दोन पायांत तारेचा तुकडा डाकून टाकतात. राखणदार जागेवर, पण हात बांधलेले. “गानं थांबलं तर शिव्या एक दिवस,” तुम्ही म्हणायच्या, “आन् स्पीकर जळला तर आपल्या नावानं वर्सभर.”

नेमकं तेच झालं, आणि ते नाव मी घालवलं.

पलूसकडचा धनाजी, आपला पंधरा वर्षांचा गिऱ्हाईक. दीड महिन्यात त्याचे चार स्पीकर जळून परत आले. चौथा टेकवताना तो हळूच म्हणाला, “वैनी, वंगाळ वाटून घेऊ नगा, पन आक्कांचा हात थरथरतोय जनू आता.” मी रजिस्टर उघडलं. चारही ‘व’. त्याच आठवड्यात तुमच्या बशीतला चहा सांडलेला मी पाहिला होता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन तुम्ही टाळत होता. माझ्या डोक्यात सगळे रकाने भरले आणि बेरीज झाली.

तरी मी तुम्हाला विचारलं, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवते. तुम्ही जळालेली कॉइल खिडकीकडे धरली.

“ही बघ. एकाच काठाला जळलीया. लय वाजवून जळती ती सगळीकडनं काळी पडती. हिला कुनीतरी पुढं ढकलून धरली हुती. डीसी गेलाय. त्येचा अ‍ॅम्प्लिफायर बघ जा.”

मी गेले. धनाजीच्या गोदामात अ‍ॅम्प्लिफायर चालू केला, गाणं न लावता स्पीकरच्या टोकांवर मीटर धरला. शून्य. डायरीत लिहिलं, ‘अ‍ॅम्प्लिफायर ठीक’. पुढे टिक. घरी आले.

“तापवून बघितलंस?”

“वन्सं, शून्य म्हणजे शून्य.”

“थंड असताना शून्यच दावंल. तासभर वाजीव, मग बघ.”

“तासभर कुठून आणू? मला अजून सहा ठिकाणी जायचं होतं.”

“मग मला कशाला इचारलंस?” म्हणालात आणि पुन्हा साच्यावर वाकलात. तुमची तार त्या दिवशीही सरळच पडत होती. मी तुमच्या हाताकडे पाहायला हवं होतं. मी डायरीतल्या टिककडे पाहिलं.

नंतरच्या आठवड्यात आपण दोघी टेम्पोतून धनाजीकडे स्पीकर पोचवायला गेलो. सीझनच्या आधी सगळे साऊंडवाले कुणाच्या तरी गोदामात बसतात, कुणाच्या कुठल्या तारखा लागल्यात ते बघतात आणि कमी पडेल त्याला दुसऱ्याचे बॉक्स ठरवून देतात. त्या दिवशी धनाजी धरून सहा जण बसलेले. मला वाटलं, बरं झालं, एकाच खेपेत सगळ्यांना सांगून होईल. मी मुद्दे काढून ठेवलेच होते. म्हणाले, “यापुढं गुंडाळायचं काम वन्सं करणार नाहीत. त्यांचा हात आता राहिला नाही. सगळ्यांना तयार कॉइल बसवून मिळेल, जुन्या कामाची तक्रार असेल त्यांनी सांगा.”

तुम्ही टेम्पोतून उतरत होता. एक पाय जमिनीवर होता. तो तुम्ही परत वर घेतला आणि सीटवर बसलात. येताना अख्ख्या रस्त्यात एकच वाक्य बोललात, “मागलं फाळकं नीट लावलंय का बघ.”

मला त्या वाक्याचा राग आहे. भाजीत मीठ कमी पडलं तर तुम्ही माझ्या माहेरापर्यंत पोचायच्या. लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लागला म्हणून दोन दिवस बोलला नव्हता. आणि सहा पुरुषांसमोर मी तुमचा हात काढून घेतला, तर फाळकं? भांडायचं होतं! मीटर माझ्या हातातून हिसकावून घ्यायचा होता. म्हणायचं होतं, चल, आत्ता लाव अ‍ॅम्प्लिफायर, बसू तासभर दोघी. तुमच्याकडे तासच तास होते, ते मीच तर मोकळे करून दिले होते.

तुम्ही बोलला नाहीत. तीन आठवडे दुपारी तुमच्या खोलीत पडून राहिलात असं मला वाटत होतं. मी मोसंबी आणून ठेवत होते. माझं काहीतरी चुकलंय म्हणून नाही, तुम्हाला वाईट वाटत असेल म्हणून. मग ताप आला, मग छातीत उतरला, आणि पाचव्या दिवशी संपलं. हॉस्पिटलचं लिहीत नाही. तिथं बोलण्यासारखं आपण काहीच बोललो नाही.

दहाव्याच्या दिवशी धनाजी भेटायला आला. सतरंजीच्या कडेला बसला, “आक्कांसारखं मानूस व्हनार न्हाई” म्हणाला, चहा घेतला. निघताना चपला घालता घालता बोलला, “वैनी, ह्या टायमाला बोलू न्हाई, पन ती तयार कॉइल बी गेली बघा. बसवल्यावर आठ दिस बी टिकली न्हाई.”

मी दारात उभी होते. आत लोक होते, तुमचा फोटो होता, समई होती. मी धनाजीला म्हणाले, “तेरावं झालं की येते. अ‍ॅम्प्लिफायरला हात लावू नकोस.”

गेले. मीटर नेला, जळाला तरी चालेल असा जुना बारा इंची स्पीकर नेला, घड्याळ नेलं. धनाजीनं खुर्ची दिली. मीटर लावला. शून्य. तो समजावल्यासारखा हसला. “बघा वैनी, मागच्यागत शून्यच हाय.”

“लाव गाणं. आणि बस.”

वीस मिनिटांनी गाणं थांबवून पाहिलं, शून्य. चाळिसाव्या मिनिटाला एक व्होल्ट. “एवडं चालतंय,” तो म्हणाला. मी आकडा लिहून घेतला. पत्र्याचं गोदाम, वर ऊन, अ‍ॅम्प्लिफायरवर हात ठेववेना. एक तास दहा मिनिटांनी आवाज चिरका व्हायला लागला, म्हणून गाणं बंद केलं. कोन मागं आला नाही. पुढं आलेला तसाच राहिला, श्वास कोंडून छाती काढल्यासारखा. आवाज शून्य. मीटरवर सव्वीस.

“गाणं बंद आहे ना धनाजी?”

“व्हय.”

“मग हे सव्वीस व्होल्ट कशाचे?”

कॉइलवरच्या वार्निशचा वास यायला लागला होता. मी बटण बंद केलं, झाकण उघडलं. रिलेच्या दोन पायांत तारेचा तुकडा, नीट डाकलेला.

“सारकं खट् करून बंद पडायचा वैनी. ऐन वरातीत. लोक कॉलर धरत्यात.”

“मग आक्कांचा हात थरथरतो म्हणालास ते?”

त्याला खरंच कळत नव्हतं मी कशावर चिडले आहे ते. “मला वाटलं त्ये बोललो. मीटर लावून अ‍ॅम्प्लिफायर ठीक हाय, असं तुमीच म्हनलात की.”

पाच रकान्यांच्या माझ्या रजिस्टरमध्ये ‘कॉइल कुणाची’ हा रकाना आहे, ‘कुठल्या अ‍ॅम्प्लिफायरवर जळली’ हा नाही. सत्तावीस वर्षांत मला तो सुचला नाही. स्पीकर जळाला की माझी वही फक्त एकाच माणसाकडे बोट दाखवू शकत होती, आणि तो रकाना मीच आखला होता.

“जाऊ द्या वैनी,” धनाजी म्हणाला. “गेल्याल्या मानसाला आता काय फरक पडतोय?”

“मला पडतो. इथंच सगळ्यांसमोर बोलले होते. इथूनच सगळ्यांना कळलं पाहिजे. काढ फोन.”

त्यांचा सगळ्यांचा फोनवर ग्रुप आहे. मी त्याला तिथंच उभं करून बोलायला लावलं. पहिल्यांदा तो पुटपुटला, म्हणून पुसायला लावलं. दुसऱ्यांदा माझंच नाव घालायला विसरला. तिसऱ्यांदा नीट झालं: “माज्या अ‍ॅम्प्लिफायरमदनं डीसी जात हुता. आक्कांच्या कॉइलचा दोष न्हवता. वैनी चुकीचं बोलल्या, मी बी चुकीचं बोललो.” मी स्वतः ऐकून पाठवायला लावलं. छातीवरचं ओझं उतरलं असं वाटलं. दहा मिनिटं.

दहा मिनिटांनी जतच्या मल्लाप्पाचा फोन आला. तोही त्या सहातलाच. कन्नड वळणाचं ते गाणं म्हटल्यासारखं बोलणं, त्यामुळे आधी वाटलं सांत्वन करतोय.

“वैनी, धन्याला आत्ता कळलं व्हय? आमाला त्याच दिवशी ठाऊक हुतं.”

“काय ठाऊक होतं?”

“आक्कांची कॉइल तशी जळत न्हाई म्हून. तुमी बोलत हुता, आमी माना हलवल्या. तुमच्या तोंडावर कोन बोलनार हो? दुसऱ्या आठवड्यात मी दोन स्पीकर घिऊन आलो की. दुपारी, तुमी भाईर असताना. परसदारानं. सांगलीचं दोघं बी येऊन गेलं. आक्का म्हनाल्या, ‘करून देते, सुनंदाच्या वहीत लिवायला लावू नगंस म्हंजे झालं.’ आन् हसल्या.”

फोन ठेवला. घरी येऊन तुमच्या कॉटखाली हात घातला. साचा होता, तारेचं रीळ होतं, डिंकाची बाटली होती, जुन्या साडीत गुंडाळून. त्या तीन आठवड्यांत तुमच्या खोलीला एक वास यायचा. मी तुम्हाला म्हणाले होते, “वन्सं, खिडकी उघडत जा, म्हातारपणाचा वास कोंडतोय.” तो डिंक वाळत होता. तुम्ही काही न बोलता उठून खिडकी उघडली होती.

म्हणजे तुमचं नाव कुठंही गेलं नव्हतं. ते फक्त माझ्या वहीतून गेलं होतं. धनाजी सोडला तर अख्ख्या जिल्ह्यात मी बोललेलं खरं मानणारी एकटी मीच. आणि मी तुमच्या उशाशी मोसंबी ठेवत होते, दया येऊन! ती दया परत करा वन्सं. माझ्या आयुष्यात मी एवढं बावळट कधी दिसले नसेन, आणि ते बघून हसायला तुम्ही एकट्याच होता.

काल मी जतला गेले. मल्लाप्पाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते दोन्ही स्पीकर वाजत होते, पुढच्या कार्यक्रमासाठी तपासणी चालली होती. मी म्हणाले, उघडून बघते. मला ते वेढे बघायचे होते, तुम्ही माझ्यापासून लपून घातलेले. मल्लाप्पा आडवा आला. “न्हाई वैनी. वाजत्या स्पीकरला हात लावायचा न्हाई, ही आक्कांचीच शिकवन.” मग मी नुसता कोनावर तळवा ठेवला. तो मागं-पुढं, मागं-पुढं हलत होता, एकसारखा, कुठंही न घासता. फटीत केसाएवढी जागा असते आणि तेवढ्यात तुमची तार बरोबर मधोमध बसलेली होती. थरथरत्या हाताचं काम नव्हतं ते. मल्लाप्पाची बायको चहा घेऊन आली, तिनं माझ्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवून परत गेली.

रजिस्टरमध्ये मी त्या तीन आठवड्यांच्या पानांवर ‘व’ लिहायला बसले होते. मल्लाप्पाचे दोन कळले. सांगलीच्या दोघांना विचारलं, ते म्हणाले, आक्कांनी सांगू नको म्हणून शपथ घातलीय. मेलेल्या माणसाची शपथ मोडत नाहीत म्हणे. त्यामुळे ती पानं अर्धीच राहणार. मला अर्धी पानं चालत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं.

धनाजीला मी त्याच्याच गोदामात उभं करून त्याची चूक बोलायला लावली, तीन वेळा, नीट होईपर्यंत. मला तसं उभं करू शकणारं घरात एकच माणूस होतं. ते खिडकी उघडून गप्प बसलं.